झावळीची गाठ

फाटकावरची नवी पाटी मी पहिल्यांदा वाचली ती एका पाहुणीच्या शेजारी उभी राहून. आठवडाभर मी नदीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या पाहुण्यांबरोबर होते, आदल्या रात्रीच गावात परतले होते, त्यामुळे मला कोणी काही सांगितलंही नव्हतं. सकाळी हाना बाईंना घेऊन अभयारण्याच्या फाटकाशी पोचले तर ही पाटी. रंग अजून ओला वाटत होता.

'सुरय पक्ष्यांची अंडी गावातील कालवं काढणाऱ्या बायकांनी नेली आहेत. पुढील हुकमापर्यंत बायकांना खाडीत जाण्यास मनाई आहे. पर्यटकांचे स्वागत असो.'

खाली सही, बिरान जूफ, रेंजर. आणि स्वागताच्या शेजारी एक हसरा पेलिकन काढलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेलिकन कधी हसतो का?

हाना बाई डेन्मार्कच्या. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही हातांत काठ्या, गळ्यात दुर्बीण. हे त्यांचं इथलं तिसरं वर्ष. बाकीचे पाहुणे थंडीत येतात आणि उन्हं तापली की पळतात, पण या मुद्दाम मे महिन्यात येतात, फक्त सुरयांसाठी. समोरच्या वाळूच्या दांड्यावर सुरय अंडी घालतात. नारिंगी चोचीची, डोक्यावर काळी शेंडी असलेली पांढरी पाखरं, हजारोंनी. बाईंनी वही काढली आणि पाटी उतरवून घ्यायला लागल्या.

"ते लिहू नका," मी म्हटलं.

"का? इथे लिहिलंय की."

"लिहिलंय म्हणून खरं होत नाही."

"मग खरं काय आहे, सिबो?"

"मला अजून माहीत नाही. पण हे नाही, एवढं माहीत आहे."

त्यांनी पेन थांबवलं, पण वही मिटली नाही. पाटीवरचा शब्द आणि माझा शब्द यांत त्यांनी पाटीचाच धरला असता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी वीस वर्षं लोकांना पाखरं दाखवते. माझ्याकडे बिल्ला आहे, पण रंगाचा डबा नाही.

आम्ही चालायला लागलो. वाट नेहमीचीच, आधी खारफुटीच्या कडेने, मग डबक्यांवरून टाकलेल्या फळ्यांवरून, मग वाळूत. हाना बाई प्रत्येक खेकड्याला थांबून नमस्कार केल्यासारखं बघत होत्या. एक खंड्या दिसला, चिखलात दोन कुरल दिसले, वाळक्या झाडावर मोरघार मासा फाडत बसली होती. एरवी मी या मोरघारीवर दहा मिनिटं बोलते. त्या दिवशी नुसतं बोट दाखवलं. माझे कान दांड्याकडे लागले होते. या दिवसांत फळ्यांवर पाय ठेवला की सुरयांचा कलकलाट ऐकू यायला लागतो, इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आज भरतीचा आवाज तेवढा येत होता.

वाट संपते तिथे दोन खुंट आहेत. त्यांच्यामध्ये तेलमाडाची झावळी आडवी बांधलेली होती, तिची पाती तीन-तीन गाठी मारून ओवलेली. ही गाठ आमच्या बायका बांधतात. दांड्यावर पहिलं अंडं दिसलं की कालवं काढणाऱ्या बायकांमधली सगळ्यात थोरली बाई झावळी बांधते, आणि पिल्लं उडेपर्यंत तिच्यापुढे कोणी जात नाही. बायका नाहीत, पुरुष नाहीत, कुत्रीसुद्धा हाकलून आणतात. अभयारण्य व्हायच्या आधीपासून असंच आहे. रेंजर नव्हता तेव्हा झावळी होती.

"एकही नाही," हाना बाई दुर्बीण लावून म्हणाल्या. "सिबो, तिथे नुसते कुरव आहेत. चालतायत. काहीतरी खातायत."

मी माझी दुर्बीण लावली. माझ्या दुर्बिणीच्या डाव्या भिंगात कधीचीच बुरशी शिरली आहे, मी उजव्याच डोळ्याने बघते. मला वाळूतल्या अंड्यांचे पांढरे ठिपके दिसले आणि त्यांच्यात फिरणारे, अंडी फोडून खाणाऱ्या कुरवांचे करडे ठिपके. तेवढं पुरलं.

हाना बाईंना परत गावात सोडून मी थेट तेरेमा आत्याकडे गेले. तेरेमा ही माझ्या बापाची बहीण, आणि गेली अकरा वर्षं झावळी तीच बांधते. अंगणात बसली होती, कोयता मांडीवर, कोरडा. कालवं फोडण्याच्या वेळेला तिचा कोयता कोरडा मी जन्मात पाहिला नव्हता.

"पाटी वाचलीस?" ती म्हणाली. मान वर केली नाही.

"वाचली. आत्या, कोणी नेली अंडी?"

"कोणी नेली नाहीत. भाजली." तिने कोयत्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. "गुरुवारी भर दुपारी बिरान त्याच्या मशीनच्या बोटीतून आला. तीन माणसं बरोबर, हाताएवढ्या नळ्या लावलेले कॅमेरे. दांड्यावर उतरले, तंबू ठोकला. मी पलीकडच्या कडेला होते. मी ओरडले, 'अरे ए, गाठ दिसत नाही का?' तर म्हणतो कसा, 'गुलामांनी मालकाला प्रश्न विचारू नयेत!' आणि हसला."

"आणि तू?"

"मीही हसले." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "सवयीने हसले गं पोरी. जूफ म्हटला की तोंड आपोआप हसतं."

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आम्ही जोला जमातीचे आणि जूफ मंडळी सेरेर. जोला आणि सेरेर म्हणजे थट्टेचे सोयरे, अगदी आजी-पणजीच्या आधीपासूनचे. त्यांनी आम्हाला गुलाम म्हणायचं, आम्ही त्यांना खादाड म्हणायचं, ताटातला मासा पळवायचा, मयताच्या घरीसुद्धा टोमणा मारायचा, आणि दोघांपैकी कोणीही रागवायचं नाही. रागवलास तर तुझं नाक कापलं गेलं. मला ही रीत लहानपणापासून आवडत आली आहे. बिरान जूफ बदलून आमच्या काम्बुरे गावात रेंजर म्हणून आला, तेव्हा आठवडाभरात तो आमचा झाला तो या रीतीमुळेच. थट्टेचं नातं नसलेला कोणी मंडिंका रेंजर आला असता तर त्याला दोन वर्षं लागली असती.

"दोन तास पाखरं वरच होती," आत्या म्हणाली. "खाली उतरायलाच तयार नाहीत. वाळूवर आपला पाय ठरत नाही त्या वेळेला, अंडं काय टिकणार? ती माणसं गेली आणि कुरव आले, कावळे आले. मग मी होडी घातली आणि गेले."

"दांड्यावर?"

"दांड्यावर. गाठ ओलांडून. डोक्याचं फडकं सोडलं, पाण्यात भिजवलं, जमेल तेवढ्यांवर धरलं. किती घरटी आणि एक फडकं. संध्याकाळपर्यंत कावळे हाकलले. पाखरं आली नाहीत, पोरी. एक-दोन उतरली, अंड्याला चोच लावली आणि उडाली."

"मग हे तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. त्याच संध्याकाळी विहिरीवर सांगितलं सगळ्या बायकांना, मी गाठ ओलांडली म्हणून. कोंबडी दिली."

हाच आमचा नियम. गाठ ओलांडणाऱ्याने त्याच दिवशी स्वतः येऊन बायकांसमोर सांगायचं आणि दंडाची कोंबडी द्यायची. सांगितलं की विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही. पण विहिरीवरची गोष्ट गावभर फिरली, बिरानच्या कानावर गेली, आणि त्याला जे हवं होतं ते आयतं हातात आलं. बाईने आपल्या तोंडाने कबूल केलंय, वाळूत अनवाणी पावलं आहेत, मग पाटी रंगवायला कितीसा वेळ लागतो?

"अगं पण बिरान आला होता हे सांगितलंस का?"

"माझं मी सांगायचं. त्याचं त्याने सांगायचं. नियम असाच आहे."

"तो सांगणार आहे का?"

"मला काय माहीत," आत्या म्हणाली. "नियम त्याच्यासाठी बदलू का?"

तिच्यावरही मी चिडले, खरं सांगते. पासष्ट वर्षांची बाई, तिची अख्खी मिळकत त्या खाडीत, आणि तिने कबुली द्यावी सगळ्यात आधी, सगळ्यात कमी दोष असताना! पण तिच्यावर ओरडून काय होणार होतं? मी उठले आणि पारावर गेले.

गावातला पार मोठ्या सावरीच्या झाडाखाली, समुद्राकडे तोंड करून आहे. तिथून दांडा समोर दिसतो. दुपार कलली की तिथे अतायाची किटली चढते आणि गावचे मुखी आल्कालो आन्सुमाना चहा ओततात, एवढ्या उंचावरून की गिऱ्हाईक नसलेला मासेवाला बघतच बसावा. मी पोचले तेव्हा हाना बाई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या, हातात चिमुकला ग्लास, आणि त्यांच्या शेजारी बिरान. गळ्यात नवी दुर्बीण. अशी दुर्बीण मी आजवर फक्त पाहुण्यांच्या चित्रांच्या पुस्तकात पाहिली होती.

"छान आहे," हाना बाई त्याला म्हणत होत्या. "फार महाग असते."

"भेट मिळाली," बिरान इंग्रजीत म्हणाला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं आमच्या बोलीतही म्हणाला. "कॅमेरावाल्यांनी गळ्यातली काढून दिली! म्हणाले, मिस्टर जूफ, तुम्ही जिथे नेलंत तिथे आम्हाला आजवर कोणी नेलं नव्हतं."

त्याला आपण काय बोलतोय याची लाजही नव्हती. आणि पारावरच्या कोणालाच ते खटकलं नाही. मला बघताच त्याचा चेहरा फुलला.

"आली, आली! माझी पळालेली गुलाम आली! कुठे होतीस गं आठवडाभर? मालकाचे कपडे धुवायचे राहिलेत."

"तुझे कपडे धुवायला खाडी पुरायची नाही, खादाडा," मी म्हटलं. तोंडातून आपोआप आलं. लोक हसले. आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. थट्टेत काहीही बोलता येतं, तो रागवू शकत नाही, सगळ्यांसमोर बोलून टाकावं. मी कंबरेवर हात ठेवले.

"ऐका हो! हा सेरेर इतका खादाड आहे की याला भात पुरेना, मासे पुरेनात. गुरुवारी मशीनच्या बोटीतून दांड्यावर गेला, तीन कॅमेरावाले बरोबर घेऊन, आणि सुरयांची सगळी अंडी उन्हात भाजून खाल्ली! आणि नाव कोणाचं लावलं? माझ्या आत्याचं!"

पारावर हशा पिकला. आल्कालोंच्या डोळ्यांत पाणी आलं, किटली खाली ठेवावी लागली त्यांना. बिरानने मांडीवर थाप मारली.

"खाल्ली! सगळी खाल्ली! टरफलासकट!" तो ओरडला. "मीठ नव्हतं, म्हणून तुझ्या आत्याला बोलावलं!"

आणखी हशा. मी उभीच होते. मी खरं बोलले होते, त्याने ते कबूल केलं होतं, चाळीस माणसांनी ऐकलं होतं, आणि काहीही झालं नव्हतं. उलट आता ते कधीच होणार नव्हतं, कारण जे एकदा थट्टेत गेलं ते परत कोण काढणार? मीच माझ्या हाताने आत्याचं खरं त्या हशात बुडवलं होतं.

आणि बिरान हुशार माणूस आहे. त्याला माझा चेहरा वाचता आला. तो उठला, गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"घे. गुलाम असलीस तरी नजर तुझी चांगली. सोयऱ्याकडून सोयरीला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोयऱ्याने दिलेलं नाकारायचं नसतं. आणि मला ती हवी होती, हे लपवण्यात काय अर्थ आहे? वीस वर्षं मी एक डोळा मिटून लोकांना पाखरं दाखवत आले. मी ती डोळ्यांना लावली. दांडा हाताच्या अंतरावर आला. वाळूतली अंडी एकेक दिसली, बरीच फुटलेली, काही नुसती पडून राहिलेली. एका जागी कोपऱ्यात आत्याच्या डोक्याचं निळं फडकं, वाऱ्याने अर्धं वाळूत गाडलेलं. तिने ते तिथेच सोडलं होतं, अंड्यांवर. आणि एक कुरव त्याच्या कडेने चोच आत घालत होता.

"सगळे का हसतायत?" हाना बाईंनी हळूच विचारलं.

"आमची रीत आहे," मी म्हटलं. दुर्बीण डोळ्यांवरच होती. "तो आणि मी एकमेकांना काहीही बोलू शकतो. रागवायचं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. थोडा विचार केला. "आणि खरंच राग आला तर काय करता?"

मी दुर्बीण खाली घेतली. बाईंना काही टोचायचं नव्हतं, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. मी पट्टा डोक्यावरून काढला, बिरानसमोर गेले, दोन्ही हातांनी दुर्बीण त्याच्या पुढ्यात चटईवर ठेवली आणि अनोळखी माणसाला घालतात तसा नमस्कार घातला.

"कासुमाय, जूफसाहेब. शांती आहे ना?"

तो हसला, पण अर्धाच. "काय गं, ऊन लागलं का?"

"घरी सगळी मंडळी बरी आहेत ना, जूफसाहेब? आईची तब्येत? मुलं? गावाकडे पाऊसपाण्याची तयारी?"

जोला बाई सेरेर पुरुषाला साहेब म्हणते आणि त्याच्या आईची तब्येत विचारते, हे कोणी ऐकलं नव्हतं. बिरानच्या कानाच्या पाळ्या काळवंडल्या. एक म्हातारा पुटपुटला, "सिबो, नको, हे नको करूस." मला माहीत होतं नको ते. ही दोरी आमच्या पणज्यांनी बांधलेली, आणि मी ती तोडत होते.

"ही दुर्बीण तुमची आहे," मी म्हटलं. "तुम्हाला का मिळाली ते तुम्ही आत्ताच सगळ्यांना सांगितलंत. आजवर कोणालाच कोणी नेलं नव्हतं अशी जागा या अख्ख्या अभयारण्यात कुठली आहे, जूफसाहेब? बाकी सगळीकडे तर मीच नेते. मला दांड्याशिवाय दुसरी माहीत नाही. तुम्हाला माहीत असली तर सांगा."

"सिबो, आपण थट्टा करत होतो..."

"थट्टा मगाशी होती. ती संपली. माझ्या आत्याने भिजलं फडकं धरून तुमची चूक झाकायचा प्रयत्न केला, आणि तुम्ही तिला चोर लिहिलंत. तिला वाचताही येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घेतलं तिने आपलं नाव काय ठेवलंय ते."

आल्कालोंनी ग्लास खाली ठेवला. "बिरान," ते म्हणाले, "उत्तर दे."

त्याने दुर्बीण उचलली, मग परत ठेवली, मग उचलली आणि निघून गेला. हाना बाईंनी शेजारच्याकडून सगळं इंग्रजीत समजून घेतलं, वही उघडली आणि पाटीचं जे अर्धं लिहिलं होतं त्यावर आडवी रेघ मारली. मला तेव्हा ते पाहून बरं वाटलं नाही. रेघ मारून कोणाची पाखरं परत येतात?

पुढचे तीन दिवस गावात बिरान जूफला कोणी खादाड म्हणालं नाही. पाववालीने त्याला पाव दिला आणि विचारलं, "घरी सगळे बरे ना, साहेब?" होडीवाल्यांनी विचारलं. आल्कालोंनी विचारलं. बोरं विकणारी आंधळी न्याराही त्याच्या चालण्याच्या आवाजावरून ओळखून म्हणाली, "कासुमाय, जूफसाहेब, आईची तब्येत?" मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. पाटी मात्र फाटकावर तशीच होती, तो पेलिकन हसतच होता, आणि आत्या अंगणात कोयता पुसत बसली होती.

चौथ्या दिवशी सकाळी तो आला. काखेत पाटी, तिचे खिळे अजून फळीतच, आणि दुसऱ्या हातात पाय बांधलेली कोंबडी. आत्याच्या अंगणात बायका जमल्या होत्या. तो चपला काढून उभा राहिला.

"मी गाठ ओलांडली," तो म्हणाला. "गुरुवारी. तिघांना घेऊन. अंडी माझ्यामुळे गेली. बायकांनी काही नेलं नाही. बांजुलच्या मुख्य कचेरीला कळवलंय तसं."

आत्याने कोंबडी हातात घेतली, वजन पाहिलं, पिसं बाजूला करून छाती चाचपली.

"इतकीशी?" ती म्हणाली. "वाटेत अर्धी खाल्लीस का रे, खादाडा?"

बायका हसल्या. बिरानने इतका मोठा श्वास सोडला की कोंबडी फडफडली. आत्याचं बरोबरच होतं. त्याने सांगितलं, दंड दिला, तिच्या लेखी विषय संपला. ती कोयता घेऊन उठली आणि होडीकडे निघालीसुद्धा.

मग तो माझ्याकडे वळला. वाट बघत होता. एक शिवी हवी होती त्याला, एखादा टोमणा, काहीही. चार दिवसांत माणूस वाळला होता, मला दिसत होतं ते. माझ्या जिभेवर शब्द होता. पण अंगणातून दांडा दिसतो, आणि मी तिकडे पाहिलं. कुरवही निघून गेले होते, खायला काही उरलं नव्हतं. पाणी, वाळू आणि निळ्या फडक्याचा तुकडा.

"पुढच्या मे महिन्यात पाखरं परत आली, की बघू," मी म्हटलं. "तोपर्यंत घरी सगळ्यांना नमस्कार सांगा, जूफसाहेब."